सतरावा भोंगा

“जुना बांधून पाहिलास?”

मुजावरचाचा दर्ग्याच्या पायऱ्या झाडत होते. माझ्याकडे पाठ.

“जुना कशाला? जुना चालतोय की सगळीकडे. मी नवा बांधला.”

“वाजला?”

मी चपलेतला खडा काढायला वाकलो.

“वाजला का, म्हणतो मी.”

“नाही.”

“हं…”

त्यांनी खालची पायरी पुन्हा झाडली. ती आधीच स्वच्छ होती.

वाजला नव्हता हे त्यांना माहीत होतं. तिळगंगेच्या सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. धरणाखाली एकतीस गावं, एकतीस भोंगे. दरवाजे उघडायचे असले की धरणावरून पहिला भोंगा वाजवतात. तो वाजतो आणि रेडिओवरून दुसऱ्याला निरोप देतो. दुसरा वाजतो, तिसऱ्याला देतो. असं शेवटच्या गावापर्यंत. मधला एक मुका राहिला तर त्याच्या खालच्या कुणालाच पत्ता नाही.

सतरावा आमचा. शिरटाळचा. मे महिन्यात त्याच्यावर वीज पडली आणि रेडिओ जळाला. तसला रेडिओ आता कुणी बनवत नाही. नवा बसवायचा तर भोंग्याच्या चिपमधला प्रोग्रॅम बदलावा लागणार. पाटबंधारे खात्याने दोन पत्रं लिहिली आणि खातं झोपलं. मग मी बदलला. फक्त चार ओळी. माझ्या लॅपटॉपवर, सगळ्यात नवा कंपायलर घेऊन. आपण लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळेल अशा आकड्यांत उतरवतो तो कंपायलर; या उतरवण्याला म्हणायचं बांधणं. चिप सुरू होताना स्वतःची ओळख सांगते. त्या जागी मी पाचवी ओळ घातली, शिरटाळ दोन, प्रज्योत वायदंडे.

गुरुवारी सकाळी अकराला चाचणी असते. सगळं गाव खांबाखाली जमलं होतं. आई सगळ्यांच्या पुढे. लांबून पंधरावा वाजला. मग सोळावा…

मग कावळ्यांचा आवाज ऐकू आला. बाकी काही नाही.

आमच्या खालची चौदा गावंही मुकी राहिली.

“खात्याचे हिरेमठ साहेब काय म्हणाले?” चाचांनी विचारलं.

“म्हणाले पोरखेळ झाला. पुढच्या गुरुवारी वाजला नाही तर यंदा पावसाळाभर कोतवालाच्या हातात कर्णा देऊ.”

“कोतवाल म्हणजे दामू?”

“दामू. संध्याकाळी सातनंतर त्याला स्वतःचं घर सापडत नाही.”

चाचा हसले. मी हसलो नाही. जुलैच्या मध्याला दरवाजे उघडतात. आमची आळी नदीला सगळ्यात जवळ. मी सहा वर्षांचा असताना एका पहाटे हाच भोंगा वाजला, आईने मला उचललं, आणि ती टेकाडावर पोचेपर्यंत आमच्या चुलीत नदी शिरली होती.

तो भोंगा मी मुका केला होता.

“साहेबांनीच तुमच्याकडे पाठवलं,” मी म्हणालो. “तेवीस वर्षं नोकरी करून त्यांना काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायला तेवढं येतं. तुम्ही सांगा काय चुकलं ते, मी जातो.”

“मला काय ठाऊक?”

“भोंगे तुम्ही बसवलेत ना?”

“बसवले मी. प्रोग्रॅम खात्यातल्या शशिकलाबाईंचा.”

“त्या तर गेल्या.”

“बारा वर्षं झाली.”

“मग?”

“मग जुना बांधून बघ. एक ओळ न बदलता. चिपमध्ये आहे तो जसाच्या तसा तुझ्या हातून निघाला पाहिजे.”

माझं डोकं फिरलं.

“चाचा, स्पष्ट बोलतो. म्हाताऱ्यांना काही विचारलं की ते कोडं घालतात आणि त्याला शहाणपण म्हणतात. कॉलेजात तीन वर्षं असलीच माणसं बघितली. ज्यांनी जन्मात एक दिवा स्वतःच्या हाताने लुकलुकवला नाही ते फळ्यावर चिप शिकवायचे. म्हणून सोडून आलो. आता तुम्ही म्हणता, जे आहे तेच परत कर. त्याने काय होणार?”

“ते जमलं की बोलू.”

“जमायचं काय त्यात? पाच मिनिटांचं काम आहे.”

चाचांनी केरसुणी कोपऱ्यात ठेवली.

“मग पाच मिनिटं बसतो मी,” म्हणाले, आणि खरंच बसले.

*

दर्ग्याला लागून त्यांची एक खोली आहे. पूर्वी तिथे शशिकलाबाईंचा संगणक होता. गेल्या उन्हाळ्यात तो जळाला आणि भंगारात गेला. उरला होता बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. डब्यात तीन सीड्या आणि एक डायरी.

“पहिल्या सीडीत बाईंनी लिहिलेलं,” चाचा म्हणाले. “दुसऱ्यात त्यांची हत्यारं. तिसऱ्यात बांधून झालेला माल, जो चिपमध्ये भरला तो.”

पहिलीतलं माझ्याकडे आधीच होतं, खात्याने दिलेलं. तिसरी हवी होती. माझ्या लॅपटॉपला सीडी लावायची सोयच नाही. तालुक्याला गेलो, एका फोटो स्टुडिओवाल्याच्या हातापाया पडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. परत आलो तर चाचा त्याच पायरीवर.

“झाली का पाच मिनिटं?”

बाईंचा प्रोग्रॅम माझ्या कंपायलरमधून काढला, एकही ओळ न बदलता. मग तो तिसऱ्या सीडीतल्या फाइलशी ताडून पाहिला. त्यासाठी एक कमांड आहे. दोन फाइली दिल्या की एकेक बाइट लावून बघते. फरक असला तर सांगते. सारख्या असल्या तर ती तोंडही उघडत नाही.

तिने तोंड उघडलं.

“काय म्हणते?”

“लहान निघाला. दोनशे बाइटनी.” मला उलट बरं वाटलं. “नवा कंपायलर हुशार आहे, चाचा. फालतू असेल ते काढून टाकतो.”

“काय काढलं?”

“असेल काहीतरी.”

“बघ की.”

अर्धा तास लागला. सापडलं तेव्हा मी हसलो.

“हे बघा. रेडिओला वीज दिल्यावर बाईंनी चिपला तीस लाखांपर्यंत मोजायला लावलंय. मोजताना करायचं काहीच नाही. नुसतं मोजायचं. कंपायलरने बघितलं, हे काहीच करत नाही, म्हणून उडवलं.”

“काहीच करत नाही?”

“काहीच नाही.”

चाचा पडद्याकडून माझ्याकडे वळले.

“सकाळी आई हाक मारते तेव्हा पहिल्या हाकेला उठतोस तू?”

“त्याचा काय संबंध?”

“उठतोस?”

“…नाही.”

“मग आई काय करते?”

“थांबते थोडी. मग परत हाक मारते.”

“थांबते तेव्हा ती काय करते?”

मी पडद्यावरची ती मोजायची ओळ पुन्हा वाचली.

रेडिओ एरवी झोपलेला असतो; सोळावा ऐकू आला की चिप त्याला वीज देते, आणि त्याला जागं व्हायला वेळ लागतो. तीस लाख मोजण्याइतका. माझ्या भोंग्याने वीज दिली, लगेच कान लावला आणि झोपलेल्या रेडिओकडून काही आलं नाही म्हणून तोही गप्प बसला. बाईंच्या कंपायलरला हे रिकामं मोजणं चालायचं. माझ्याच्या मते तो कचरा होता. माझ्याही मते.

“सापडली चूक!” मी उठलोच. “ती वाट बघायची ओळ नीट लिहितो. निघतो मी.”

“बस.”

“सापडली, चाचा.”

“एक सापडली. अजून किती आहेत?”

“नाहीत.”

“कशावरून?”

…

दर्गा धरणाच्या काठावरच आहे; खाली पाणी दिसत होतं. निम्मंच, पण खालच्या एकतीस गावांना पुरून उरेल इतकं.

मी बसलो.

*

शुक्रवार, शनिवार, रविवार त्या खोलीत गेले.

बाईंचा कंपायलर आजच्या संगणकावर चढतच नाही. त्याला त्याच्या काळचं घर लागतं. म्हणून आधी लॅपटॉपच्या पोटात त्या वेळचा एक संगणक उभा केला. खोटा, पण आपण खोटे आहोत हे त्याच्या आत बसलेल्याला कळू नये असा. मग दुसरी सीडी. तिच्यात कंपायलर तयार नव्हता. त्याचा मजकूर होता. कंपायलरही बांधून घ्यायचा होता, त्याच्या हाताखालच्या असेंबलर, लिंकर या हत्यारांसकट.

डायरीत बाईंचं अक्षर. बारीक, सरळ, खाडाखोड नाही.

आधी असेंबलर आणि लिंकर. मग कंपायलर. मग लायब्ररी. क्रम बदलू नये. घाई असेल तर उद्या करावे.

मला घाई होती. लायब्ररी, म्हणजे तयार तुकड्यांचा साठा, आधी घेतली, म्हटलं तेवढाच वेळ वाचेल. चार तासांनी सगळं कोसळलं. लायब्ररी ज्याने बांधायची तो कंपायलरच अजून जन्माला आला नव्हता.

“काय झालं?” चाचांनी चहा ठेवत विचारलं.

“काही नाही. क्रम बदलला.”

“डायरीत काय लिहिलंय?”

“क्रम बदलू नये.”

“त्याच्या पुढे?”

“घाई असेल तर उद्या करावे.”

“मग उद्या ये,” म्हणाले, आणि माझ्यापुढचा कप उचलून स्वतः प्याले.

शनिवारी क्रमाने केलं. एकेक पायरी तासतासभर. पडद्यावरून ओळी सरकत होत्या आणि मला बघण्याशिवाय काम नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा ते डोक्यात आलं.

“चाचा.”

“बोल.”

“हा कंपायलर आत्ता दुसरा एक कंपायलर बांधतोय. म्हणजे जुन्यानेच पुढचा बांधायचा. त्या जुन्याला त्याच्या आधीच्याने बांधलेलं. त्याला त्याच्या आधीच्याने. असं मागे मागे गेलं तर…”

“तर?”

“पहिला कुणी बांधला?”

चाचा उदबत्तीची राख गोळा करत होते. त्यांनी वर बघितलंही नाही.

“घरी गेलास की आईला विचार, पहिलं विरजण कुणाचं.”

रविवारी घरी जाऊन मी खरंच विचारलं. आई म्हणाली, माझ्या सासूचं. तिला कुणी दिलं? तिच्या सासूने. आणि तिला? आई म्हणाली, “भोंगा झाला का तुझा? मग कशाला दह्याच्या मागे लागलास?”

*

सोमवारी दुपारी लायब्ररी चढली. बाईंचा प्रोग्रॅम बाईंच्या कंपायलरमधून काढला. ताडून पाहिला.

“काय म्हणते?”

“आता फक्त तीन बाइट कमी आहेत. आणि तारीख वेगळी.”

“कसली तारीख?”

“बांधल्याची. प्रोग्रॅम बांधतानाची तारीख आणि वेळ बाईंनी आत छापून घेतलीय. त्यांची आहे चौदा नोव्हेंबर दोन हजार नऊ, दुपारी चार वाजून वीस मिनिटं आठ सेकंद. माझी आजची आहे.” मी लॅपटॉपपासून हात काढून घेतले. “हे काही जुळणार नाही. ती वेळ गेली.”

चाचांनी वाकून पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं.

“हे घड्याळ कुणाचं?”

“त्या आतल्या खोट्या संगणकाचं.”

“कोण चालवतं?”

“मीच.”

“मग मागे घे.”

…

इतकं सोपं. तीन वर्षं फी भरून मला हे कुणी शिकवलं नव्हतं की घड्याळ मागे घेता येतं.

चौदा नोव्हेंबर. सोळा वाजून वीस मिनिटं, सात सेकंद. एंटर. ती एक फाइल आठव्या सेकंदालाच उतरली पाहिजे. पहिल्यांदा नऊ आले. दुसऱ्यांदा सात. चाचा माझ्या खांद्यामागे उभे राहून श्वास रोखून बघत होते, गोट्या खेळताना बघतात तसे.

तिसऱ्यांदा आठ.

तारीख जुळली. तीन बाइट मात्र अजून कमीच.

“सोडा आता,” मी म्हणालो. “तीन बाइट आहेत, चाचा. अठ्ठावीस हजारांत तीन.”

“तुझ्या गावची माणसं किती?”

“अकराशे.”

“त्यातली तीन सोडू?”

मी पुन्हा फाइल उघडली. आकड्यांचं रान. त्यात मधेच कुठे कुठे माणसाला वाचता येतील अशी अक्षरं असतात. फरक जिथे सुरू होत होता तिथे गेलो…

आणि हात थांबला.

भोंग्यात काही बिघडलं तर चूक कुठल्या फाइलमध्ये झाली ते चिप सांगते. त्यासाठी त्या फाइलचा पूर्ण पत्ता चिपच्या आत असतो. कुठलं घर, कुठली खोली, कुठलं कपाट. माझ्या बांधणीत घराच्या जागी लिहिलं होतं, प्रज्योत. बाईंच्या बांधणीत…

“काय?” चाचा म्हणाले.

“शशिकला.”

चाचा पडद्याशी वाकले.

“एकतीस भोंग्यांत आहे, चाचा. सोळा वर्षं. प्रत्येक चिपच्या आत बाईंचं नाव आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये माझ्यापेक्षा तीन अक्षरांनी मोठं.” मी डायरी उचलली, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत चाळली. “सगळं लिहिलंय इथे. क्रम लिहिला, आवृत्ती लिहिली. घाई करू नको म्हणूनही लिहिलं. हे मात्र नाही. स्वतःचं नाव लिहायचं त्यांना सुचलंच नाही.”

चाचा उठून आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं नमाजाला गेले. परत आले तेव्हा हातात एक लाकडी स्टूल होतं. एक पाय तारेने बांधलेला. ते त्यांनी लॅपटॉपसमोर ठेवलं आणि बाहीने पुसलं.

मी खुर्चीवरून उठलो आणि त्या स्टुलावर बसलो.

खोट्या संगणकात नवं घर उघडलं. त्याने नाव विचारलं. आजवर कुठल्याही यंत्राने नाव विचारलं की माझी बोटं आपोआप चालायची. आता चालेनात. एकेक अक्षर बघून टाकलं, दुसऱ्याच्या घरात शिरताना चपला काढतो तसं.

शशिकला.

घड्याळ मागे घेतलं. चौदा नोव्हेंबर. सोळा, वीस, सात.

एंटर.

ओळी सरकल्या. थांबल्या. मी ताडून पाहायची कमांड दिली.

…

…

कमांड काही बोलली नाही.

नुसता कर्सर लुकलुकत होता. मी चुकलो असेन म्हणून परत दिली. परत काही नाही. अठ्ठावीस हजार बाइट, आणि एकाचीही तक्रार नाही. सोळा वर्षांपूर्वी एका बाईने याच खोलीत जे केलं होतं ते, केसभर इकडेतिकडे नाही, माझ्यासमोर पडलं होतं. ती बाई नव्हती. तिचा संगणक भंगारात गेला होता. ज्या कंपायलरने तिने हे केलं तो आता कुठे मिळत नाही. तरी ते आलं होतं. तेच. मी केलं म्हणावं तर माझं त्यात काहीच नव्हतं.

बाहेर धरणावर एक घार फिरत होती. मी कितीतरी वेळ तिच्याकडेच बघत होतो.

“काय म्हणते?” चाचांचा आवाज खाली गेला होता.

“काहीच नाही.”

“हं…”

मग म्हणाले, “तिथे किती वाजले?”

मी कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. “चार वाजून तेवीस.”

“चहा चालला होता आमचा. बाईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, मुजावर, झालं.”

मला तेव्हा कुठे विचारावंसं वाटलं.

“चाचा, तुम्हाला प्रोग्रॅम लिहिता येतो?”

“मला? मी खात्यात वायरमन होतो, बाबा. खांबावर चढायचो.”

“मग हे सगळं कसं ठाऊक?”

“मला कुठे ठाऊक? बाई काही बदलायच्या आधी दर वेळी हेच करायच्या. आधी कालचं जसंच्या तसं. ते निघालं की मग आजचं. मी बघायचो.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “बदल आता तुझ्या चार ओळी.”

चार ओळी बदलल्या. माझ्या नावाची पाचवी ओळ होती. ती मी घातली नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं.

पुन्हा ताडून पाहिलं. या वेळी कमांड बोलली. पण मी जिथे हात लावला होता, तेवढ्याच जागेबद्दल बोलली.

*

गुरुवारी चाचा एसटीने शिरटाळला आले. डबा मांडीवर.

“या चाचा,” आई म्हणाली. “आमच्याने तुम्हाला लई त्रास दिला म्हणे.”

“दिला की. चहा चार दिवस गार करून प्याला.”

गाव पुन्हा खांबाखाली जमलं. गेल्या वेळेपेक्षा कमी. पुन्हा फजिती बघायला म्हणून आलेले जास्त. हिरेमठ साहेब जीपमधून उतरलेच नाहीत; काच अर्धी खाली. दामू कोतवाल मात्र नवा कर्णा गळ्यात घालून पुढे उभा होता, वाजला नाही तर लगेच सुरुवात करायला.

अकरा.

वरून, डोंगराच्या कुशीतून, कुठलातरी भोंगा. मग त्याच्या खालचा. मग चौदावा, तो ओळखू येतो, जरा घोगरा आहे. पंधरावा.

सोळावा.

…

कावळे ओरडले.

एक.

आईने माझं मनगट धरलं. मला माहीत होतं आत काय चाललंय. त्या खांबावर, त्या डबीत, काहीच न करता कुणीतरी मोजत होतं. एक लाख. पाच लाख. रेडिओला उठू देत होतं.

दोन.

हिरेमठ साहेबांची काच वर जायला लागली. दामूने कर्णा तोंडाला लावला. मी चाचांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते.

तीन…

भोंगा वाजला.

छातीच्या आतून वाजल्यासारखा. देवळावरची कबुतरं एकदम उठली, कुत्री पळाली, कुणाचं तरी पोर घाबरून रडायला लागलं. दामूच्या हातातला कर्णा खाली पडला. आई माझं मनगट सोडेना. सहा वर्षांच्या पोराचं धरावं तसं तिने ते धरलं होतं.

मग आमचा थांबला, आणि ती सगळी माणसं एकाच दिशेला वळली. खाली. नदीच्या बाजूला. अठरावा वाजला. सगळे ऐकत होते. एकोणिसावा, बारीक. विसावा… होता की नव्हता. त्यापुढचे ऐकू येत नाहीत. तरी कुणी हललं नाही. सगळी आळी अशी उभी होती, जणू न ऐकू येणारा आवाज एका गावातून पुढच्या गावात जाताना दिसतोय.

कितीतरी वेळाने सरपंचांचा फोन वाजला. शेवटच्या गावातून होता.

“आला!” ते ओरडले. “एकतिसाव्याला आला!”

साहेब जीपमधून उतरले. “आमच्या मार्गदर्शनाखाली…” असं त्यांनी सुरू केलं. पुढचं कुणी ऐकलं नाही.

लोक पांगले तेव्हा मी खांबाला टेकून बसलो. चाचा शेजारी येऊन बसले. त्यांनी डबा उघडला, डायरी काढली, बाईंच्या अक्षरातली पानं उलटून पहिलं कोरं पान माझ्यापुढे धरलं. खिशातून पेन काढून दिलं.

“हे काय? वाजला की, चाचा.”

“वाजला.”

“मग आता काय लिहू?”

“आणखी वीस वर्षांनी परत कुठल्यातरी भोंग्यावर वीज पडेल. तू नसशील. मी तर नसेनच. तुझ्यासारखाच कुणीतरी रागाने तणतणत येईल. त्याला काय काय लागेल, ते लिही.”

मी पेन उघडलं. कंपायलर, असं लिहायला घेतलं.

चाचांनी पानावर बोट ठेवलं.

“नावापासून.”